वीस गुंठे डांबरी आवार आणि दोन मिलिमीटरचा थर

लातूरपासून जवळच, औशाच्या बाजूला असलेल्या एका मंगल कार्यालयाचं हे आवार. वाहनतळ ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. फाटकापासून सभागृहापर्यंतचा रस्ता ४० मीटर लांब, ५ मीटर रुंद. एकूण २,००० चौरस मीटर, म्हणजे साडेएकवीस हजार चौरस फूट, जवळपास वीस गुंठे. खाली खडीकरण, त्यावर ५० मिलिमीटरचा बीएमचा (बिटुमिनस मॅकॅडम, म्हणजे जाड खडी-डांबराचा) थर आणि सगळ्यात वर २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे बारीक खडी-डांबराचा थर. सात वर्षांत त्याला हात लागलेला नव्हता. मालकांची मागणी एका वाक्याची होती: लग्नसराईच्या आत आवार काळंभोर करून द्या.

हे काम फेब्रुवारीत हाती घेतलं आणि दिवाळीच्या आधी संपवलं. प्रत्यक्ष थर तीन दिवसांत पडला. बाकीचे महिने कशात गेले, तेच इथं सविस्तर लिहितो आहोत, कारण सील कोट फसतो तो त्या महिन्यांतल्या कामात.

आधी सील कोट काय करतो ते. डांबर ऊन आणि हवा खाऊन कडक होतं, काळ्याचं राखाडी होतं. मग वरचा बारीक कच सुटतो, खडी उघडी पडते आणि त्या फटींतून पावसाचं पाणी खाली जातं. सील कोट हा डांबराचा पातळ थर उन्हाचा मार स्वतः घेतो आणि पाण्याची वाट बंद करतो. ताकद तो देत नाही. दोन मिलिमीटरच्या थराखाली खड्डा लपत नाही, हलणारी भेग थांबत नाही, दबलेली जमीन वर येत नाही. त्यामुळे आधी पाहायचं ते हे, की खालचं आवार वाचवण्याजोगं आहे का.

पाहणीला एक तांब्या पाणी, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि खडू लागतो. राखाडी जागेवर पाणी ओतायचं. ते वरच्या वर वाहून गेलं तर अजून घाई नाही. मिनिटभरात मुरून ओला डाग उरला तर पृष्ठभाग उघडा झालाय. नवं डांबर असेल तर उलट अडचण येते. पाण्याचे थेंब गोळा होतात, वर तेलकट तवंग दिसतो, थर धरत नाही. नव्या डांबरीकरणावरून किमान एक उन्हाळा जाऊ द्यावा. सहा महिन्यांच्या आत सील कोट मारूच नये. स्क्रू ड्रायव्हर जिथे सहज घुसतो तिथे डिझेल किंवा तेल मुरलेलं असतं. आणि जिथे भेगांची जाळी पडलीय, तुकडे पायाखाली हलतात, तिथे खालचा थरच बसलेला असतो. अशी जाळी आवाराच्या चौथ्या हिश्श्यावर असेल तर सील कोटाचा विचार सोडून नवं कार्पेट करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे ती तीन ठिकाणी मिळून साठेक चौरस मीटर निघाली: पाण्याचा टँकर वळतो तिथे, जनरेटरच्या कट्ट्यापाशी आणि फाटकात.

खरी डोकेदुखी कडेला होती. लांबीच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून फूटभर आत, जवळजवळ सलग भेग. मराठवाड्यात काळ्या मातीवरच्या कुठल्याही डांबरी कामाला ही भेग पडते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. डांबराखालची मधली माती झाकलेली असल्यामुळे तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र वर्षातून एकदा फुगते, एकदा बसते, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर डांबर चिरतं. इथे एका बाजूला रोज पाणी मिळणारी हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला उघडं रान होतं. कडेला लावलेली सुबाभळ वेगळा ओलावा ओढत होती. म्हणून दोन्हीकडच्या भेगाही सारख्या नव्हत्या. रानाकडची २० ते २५ मिलिमीटर, हिरवळीकडची जेमतेम ५.

भेगा कधी भरायच्या, यावर बहुतेकांचं चुकतं. पावसाळ्यानंतर, सील कोटाच्या आदल्या दिवशी भरल्या की काम एकदम उरकतं, असं वाटतं. पण तेव्हा माती फुगलेली असते, भेग मिटलेली असते. आत माल कमी जातो आणि मे महिन्यात भेग उघडली की तो ताणून तुटतो. मेमध्ये भरली तर भेग सगळ्यात रुंद असते; पावसाळ्यात ती मिटते आणि भरलेला माल वर ढकलला जाऊन उंचवटा येतो. मधली वेळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. पेरणीला जसा वापसा पाहतात, तसा इथे भेगेचा वापसा पाहावा लागतो. दुसरा फायदा असा, की मार्चमध्ये भरलेल्या भेगेची परीक्षा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही घेतात. ऑक्टोबरमध्ये जे तुटलेलं दिसेल तेवढंच पुन्हा भरायचं.

भेग भरण्याआधी ती रिकामी करावी लागते. हरळीच्या मुळ्या खुरप्याने आणि लोखंडी आकड्याने ओढून काढल्या. हरळी नुसती वरून कापली तर ती नव्या थरातूनही वर येते. मग हवा. विहिरींच्या कामाला जो ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर येतो तोच दिवसाच्या भाड्याने आणला. त्याच्या हवेतून तेलाचे आणि पाण्याचे कण येतात, म्हणून आधी नळी पांढऱ्या कापडावर धरून पाहायची. कापडावर डाग पडला तर ती हवा भेगेत मारू नये. तेल लागलेल्या कडेला डांबर चिकटत नाही.

तीन मिलिमीटरपर्यंतच्या केसासारख्या भेगा तशाच सोडल्या, त्यांच्यात सील कोटाची पातळ स्लरी स्वतःहून जाते. तीन ते सहा मिलिमीटरच्या भेगांत इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) आणि बारीक चाळलेला कच यांची पातळ पेस्ट रबरी वायपरने घासून भरली. सहाच्या वर गरम डांबर. चांगल्या कामाला रबरमिश्रित क्रॅक सीलंट वापरावं, ते ताण सोसतं. त्याच्या खोक्यावर लिहिलेल्या तापमानापलीकडे ते तापवायचं नाही आणि थेट जाळावर न ठेवता दुहेरी भिंतीच्या, मध्ये तेल असलेल्या भांड्यात वितळवायचं. रानाकडच्या लांब भेगेला आम्ही तेच वापरलं. बाकी ठिकाणी रस्त्याचं नेहमीचं व्हीजी-३० डांबर १५० ते १६५ अंशांपर्यंत तापवून, त्यात कोरडा गरम कच मिसळून ओतलं. तापमापक हवाच. धूर पाहून अंदाज घेणारे लोक डांबर जाळतात. जळालेलं डांबर ओतताना छान वाहतं आणि पहिल्याच थंडीत काचेसारखं तडकतं. खोल भेगेत आधी कोरडी वाळू घालून वरचा इंचभर मोकळा ठेवला, नाहीतर डांबर खाली जातच राहतं. एकदम न भरता दोन-तीन वेळा ओतलं, कारण थंड होताना ते बसतं. शेवटी पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबलो. भेगेवर डांबराची जाड पट्टी ठेवली तर सील कोटातून ती उमटते आणि एप्रिलमध्ये टायरला लागते.

गरम डांबराच्या कामाबद्दल दोन गोष्टी. भांड्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. डांबर फेसाळून बाहेर येतं आणि जाळ पकडतं. आणि कुणाच्या अंगावर डांबर उडालंच तर ते ओरबाडून काढू नये. भाग भरपूर गार पाण्याखाली धरायचा, डांबर तसंच ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. पूर्ण बाहीचा शर्ट, कातडी हातमोजे, बूट आणि चष्मा यांच्याशिवाय कुणालाही भांड्याजवळ उभं करू नये. मे महिन्याच्या तोंडावर माणसं हातमोजे काढून ठेवतात, तेव्हा काम थांबवायचं.

कडेची भेग नुसती भरून भागत नाही. डांबराला लागून मीटरभर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल पट्टा खणून काळी माती काढली, तिथे मुरूम दोन थरांत पाणी मारून दाबला आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला. हिरवळीचे फवारे आवारापासून मागे घेतले. मीटरभर मुरमाने मातीचं फुगणं बंद होत नाही, पण ओलावा बदलणारी रेघ डांबराच्या बाहेर सरकते.

जाळी पडलेल्या तिन्ही जागा कटरने चौकोनी कापल्या. भेग दिसते तिच्या बाहेर १५ सेंटिमीटरपर्यंत कापायचं, बाजू उभ्या ठेवायच्या. ओला, मऊ माल पूर्ण निघून जाईपर्यंत खणून खडी-मुरूम भरून दाबला, बाजूंना आणि तळाला टॅक कोट (नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात) मारला आणि ७० मिलिमीटर गरम मिश्रण दोन थरांत घातलं. साठ चौरस मीटरला जवळपास दहा टन माल लागला, म्हणजे एक टिप्पर. एवढा माल एका फेरीत आला म्हणून प्लांटवाल्याने दिला. दोन-तीन टनांसाठी कुणी गाडी काढत नाही. त्यामुळे ठिगळांची सगळी कामं एकाच दिवशी धरावीत. गोणीतलं तयार कोल्ड मिक्स छोट्या खड्ड्याला ठीक, पण त्यातला द्रावक उडून जायला वेळ लागतो. त्यावर घाईने सील कोट केला तर खालून मऊ राहतं. मार्चमध्ये ठिगळ आणि ऑक्टोबरमध्ये थर, यात ही चिंताच राहत नाही.

तेलाचे डाग दोन प्रकारचे होते. आचाऱ्यांच्या भट्ट्यांजवळ सांडलेलं गोडं तेल वरवर होतं. लाकडाचा भुसा टाकून शोषलं, खुरप्याने खरवडलं, धुण्याच्या पावडरीने तारेच्या ब्रशने घासून धुतलं. पाणी डागावर पसरून बसलं, गोळा झालं नाही, की डाग गेला असं समजायचं. जनरेटरखालचं डिझेल मात्र मुरलेलं होतं. डिझेल आणि डांबर एकाच कुळातले, म्हणून डिझेल डांबराला विरघळवतं. तिथे घासून उपयोग नाही. तो तुकडा कापून काढला आणि ठिगळात धरला. जनरेटर पुढे सिमेंटच्या कट्ट्यावर, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून बसवायला सांगितलं.

पावसाळ्यात काम बंद होतं, पण पाहणी चालू होती. पाणी कुठे साचतं हे पाऊस फुकट दाखवतो. जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने जाऊन साचलेल्या डबक्यांच्या कडा ऑइल पेंटने आखून ठेवल्या आणि पट्टीने खोली मोजली. तीस मीटर रुंदीला दीड टक्का उतार म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ४५ सेंटिमीटर फरक हवा. तो एकूण होता, पण पाच ठिकाणी दहा मिलिमीटरपेक्षा खोल डबकी राहत होती. सप्टेंबरच्या उघडिपीत त्यांच्या कडा छिन्नीने थोड्या खाली घेऊन बारीक खडीच्या मिश्रणाने त्या सपाट केल्या. डबक्यात स्लरी जास्त ओतून पातळी साधायचा मोह होतो. जाड ओतलेली स्लरी वरून वाळते, आत पाणी अडकतं आणि महिनाभराने ती पापुद्र्यासारखी सुटते.

आता माल कोणता. इथे बाजारात सील कोटाच्या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांवर जो लिक्विड सील कोट होतो त्यात दहा चौरस मीटरला ९.८ किलो गरम डांबर फवारून त्यावर ६.७ मिलिमीटरची बारीक खडी, ०.०९ घनमीटर, पसरून रोलर फिरवतात. दुसरा प्रकार वाळू-डांबराच्या मिश्रणाचा: दहा चौरस मीटरला ६.८ किलो डांबर आणि ०.०६ घनमीटर वाळू. दोन्ही रस्त्याला योग्य. वाहतूक ती खडी दाबून बसवते. लग्नाच्या आवारात गाड्या हळू फिरतात, जागच्या जागी वळतात, खडी सुटते आणि बायकापोरांच्या चपलांखाली गोळ्यांसारखी घरंगळते. तिसरा प्रकार म्हणजे डब्यातलं तयार सीलर. छोट्या अंगणाला सोपं, वीस गुंठ्यांना महाग. चौथा प्रकार म्हणजे फसवणूक आहे. गॅरेजचं जळकं ऑइल किंवा रॉकेल-डिझेल घालून पातळ केलेलं डांबर झाडूने फिरवतात. आठवडाभर आवार आरशासारखं चमकतं, आणि त्याच वेळी ते तेल खालच्या डांबराला मऊ करत असतं. ज्या डिझेलचे डाग कापून काढावे लागतात, तेच आपण पैसे देऊन सगळीकडे पसरवतो.

मराठीत कोळशापासून निघणाऱ्या कोल टारलाही डांबरच म्हणतात, म्हणून विचारून घ्यावं. अमेरिकेत कोल टारचे सीलर अनेक वर्षं घराघरांसमोर मारले गेले, कारण पेट्रोल-डिझेल त्याला विरघळवत नाही. पण त्याची झिजलेली धूळ पावसाबरोबर ओढ्या-तळ्यांत जाऊन घातक संयुगं साठवते हे लक्षात आलं. ऑस्टिन शहराने २००६ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये आणि मिनेसोटाने २०१४ मध्ये त्यावर बंदी आणली. जिथे पोरं खेळतात, पंगती बसतात आणि पाणी शेजारच्या विहिरीकडे वाहतं तिथे ते वापरू नये.

आम्ही या चारांच्या बाहेरचा, स्लरी सील निवडला: एसएस-२ इमल्शन, दगडाचा कच, थोडं सिमेंट आणि पाणी. इमल्शन म्हणजे डांबराचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले; ते फुटतं म्हणजे पाणी वेगळं होऊन डांबर उरतं. तापवावं लागत नाही, धूर नाही. आयएस ८८८७ या भारतीय मानकाप्रमाणे एसएस-२ हे सावकाश फुटणारं, बारीक मालात मिसळण्यासाठीचं इमल्शन, आणि त्यात डांबराचा अंश किमान ६० टक्के. दुकानदार आरएस-१ देऊ करतो, कारण टॅक कोटसाठी तेच जास्त खपतं. ते कचात पडताच फुटतं आणि मिक्सरमध्येच गोळे होतात. बॅरलवरचं लेबल आणि उत्पादनाची तारीख स्वतः वाचावी, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नये, आणि उघडण्याआधी बॅरल आडवं करून मागेपुढे चांगलं गडगडवावं. डांबर तळाला बसलेलं असतं; न हलवता वरचं वापरलं तर पहिल्या घाण्यात पाणी आणि शेवटच्या घाण्यात लोणी.

हिशेब असा. दोन मिलिमीटर थराला चौरस मीटरमागे साडेचार किलो कोरडा कच, म्हणजे ९ टन. मापात दोन ब्रासच्या आसपास, पण चाळण्यात जाईल ते धरून तीन ब्रास मागवला. कचाच्या वजनाच्या २० टक्के इमल्शन, म्हणजे १,८०० किलो, २०० किलोची ९ बॅरल. सिमेंट एक टक्का, ९० किलो, दोन गोण्या. पाणी १० ते १२ टक्के. शिवाय कोरड्या पडलेल्या पृष्ठभागावर आधी फवारायला एसएस-१ चं एक बॅरल. एक भाग इमल्शन आणि तीन भाग पाणी करून चौरस मीटरला पाव लिटर. पातळ करताना इमल्शनमध्ये पाणी हळूहळू घालायचं, पाण्यात इमल्शन ओतायचं नाही. आवाराच्या मालकांनी एवढं तरी करावं: ठेकेदाराशी चौरस फुटाचा दर ठरवताना बॅरलची संख्याही लिहून घ्यावी आणि काम संपल्यावर रिकामी बॅरलं मोजावीत.

कच निवडताना क्रशरवर स्वतः जावं. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, डांबर चांगलं धरतो. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. खाणीत तो लागला की कचाला तांबूस झाक येते आणि त्यात माती भरपूर असते. पाण्याच्या बाटलीत अर्धा कच, अर्धं पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वर चिखलाचा जाड थर बसला तर तो ढीग नको. मातकट कच इमल्शन पिऊन टाकतो आणि घाणा मिनिटात दूध नासल्यासारखा फुटतो. चाळण सुमारे अडीच मिलिमीटरची हवी. मोठा खडा राहिला तर वायपरखाली अडकून दहा फुटांची रेघ ओढतो. चाळलेला कच ताडपत्रीखाली ठेवायचा. दवाने ओला झाला तर पाण्याचं प्रमाण चुकतं.

पाणीही तपासावं. इथल्या बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे थर धरणारं. काही इमल्शनांना ते चालतं, काहींना नाही. म्हणून आदल्या दिवशी पातेल्यात एक किलो कच, दहा ग्रॅम सिमेंट, ११० मिलिलिटर तेच बोअरचं पाणी आणि २०० ग्रॅम इमल्शन घालून काठीने ढवळायचं. तीन मिनिटं ते वाहतं राहिलं पाहिजे. आधीच घट्ट झालं तर पाणी, सिमेंट आणि कच एकेक बदलून पुन्हा पाहायचं. सिमेंट काही मालात फुटणं लांबवतं, काही मालात लवकर आणतं. म्हणून पुस्तकातलं प्रमाण पातेल्यात तपासल्याशिवाय मिक्सरमध्ये जाऊ नये.

ऑक्टोबरची तारीख ठरवणं हेही एक काम आहे. परतीचा पाऊस संपल्याची खात्री हवी, दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की माणसं मिळत नाहीत, आणि तुळशीच्या लग्नानंतर कार्यालय रिकामं नसतं. त्यातच सोयाबीनच्या राशी चालू असतात. शेजारच्या रानात मळणी यंत्र लागलं तर भुसकट ओल्या थरावर येऊन चिकटतं आणि पुन्हा निघत नाही. शेजाऱ्यांशी बोलून त्यांची मळणी आधी होऊ दिली. आणि दरवर्षी जे सोयाबीन आवारात वाळायला पसरलं जायचं, ते यावर्षीपासून इथे नको, हेही तेव्हाच सांगितलं. डिसेंबर-जानेवारीत करायचं म्हटलं तर परभणी, नांदेडकडे रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं आणि इमल्शन वाळतच नाही. मेमध्ये उलट. तापलेल्या डांबरावर वरची साय लगेच धरते, आत पाणी राहतं, फोड येतात.

दोन दिवस स्वच्छता. खराटा, मग ब्लोअर, मग टँकरच्या पाण्याने धुणं आणि पूर्ण वाळू देणं. शेवटी तळहात फिरवून पाहायचा. हाताला पांढरी धूळ लागली तर पुन्हा झाडायचं. पापुद्रे सुटण्याच्या तक्रारींमागे सगळ्यात जास्त वेळा हीच धूळ असते. भिंतींचा खालचा फूटभर भाग, पेव्हर ब्लॉकच्या कडा आणि गटाराची झाकणं प्लास्टिक आणि टेप लावून झाकली.

काम सकाळी दव उडाल्यावर, साडेनऊच्या सुमारास सुरू आणि दुपारी साडेतीनला बंद. शेवटचा घाणा सूर्य मावळायच्या आत काळा झाला पाहिजे. आधी एसएस-१ चा फवारा, तो चॉकलेटीचा काळा होईपर्यंत थांबायचं. हाफ बॅग मिक्सरचा एक घाणा: ७५ किलो कच, पाऊण किलो सिमेंट, हे कोरडं फिरवून ८ ते ९ लिटर पाणी, सगळा कच ओला झाला की १५ किलो इमल्शन. त्यानंतर मिनिट-दीड मिनिटच. जास्त फिरवलं की घाणा फुटतो. इमल्शन पाण्याआधी घातलं तर कोरडा कच ते ओढून घेतो आणि गोळे होतात. एक घाणा १६-१७ चौरस मीटरला पुरतो. तेवढे चौकोन आवारावर दोरीने खडू मारून आखले होते, म्हणजे थर जाड जातोय की पातळ हे प्रत्येक घाण्याला कळत होतं. दिवसाला चाळीस घाणे, तीन दिवसांत एकशेवीस.

दाटपणा पाहायला ओतलेल्या मालात काडीने रेघ मारायची. रेघ लगेच मिटली तर पाणी जास्त. तशीच राहिली तर माल घट्ट झालाय. दोन-तीन सेकंदांत हळूच मिटली की बरोबर. पाणी जास्त झालं की कच खाली, इमल्शन वर असं वेगळं होतं. वाळल्यावर वर चकचकीत साय आणि खाली न चिकटलेली पूड.

माणसं नऊ. मिक्सरवर तीन, ढकलगाडीवर दोन, वायपरवर तीन, आणि एक जण ओलं गोणपाट ओढायला. भिंतींच्या कडा आधी ब्रशने घ्यायच्या. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून फाटकाकडे, तीन मीटरच्या पट्ट्यांत. माल ओळीने ओतून वायपर आपल्याकडे ओढत न्यायचा, दाबायचा नाही. रबर भेगांत माल घालतं आणि जादा पुढे नेतं. शेजारच्या पट्टीवर दोन-अडीच इंच चढवायचं, तेही पहिली पट्टी ओली असताना. पट्टी अर्ध्यात सोडून जेवायला जायचं नाही, सांधा कायम दिसतो. मागून ओलं गोणपाट लांबीने ओढलं की वायपरच्या रेघा मोडतात आणि पृष्ठभाग सारखा खरखरीत होतो. गोणपाटावर माल वाळून कडक होतो, म्हणून ते तासातासाला बदलायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी डांबर तापल्यामुळे माल ओढता येईना, तेव्हा पुढच्या पट्टीवर झारीने हलका शिडकावा केला. ओलसर चालतं, पाणी साचलेलं चालत नाही. तशा वेळी घाण्यात जास्त पाणी ओतायची माणसांची सवय असते. ती मोडावी लागते.

फाटकातला आणि गाड्या वळतात तिथला सुमारे दोनशे चौरस मीटरचा भाग दुसऱ्या थराचा होता. त्यासाठी पहिल्या थराला पूर्ण एक दिवस वाळू दिलं आणि दुसरा थर आडव्या दिशेने ओढला. हा माल वरच्या हिशेबाच्या बाहेरचा, एक बॅरल वेगळं आणलेलं.

थर सहा तासांत पायाला लागेनासा झाला. चोवीस तासांनी, दुपारच्या उन्हात, माल भरलेला छोटा हत्ती टेम्पो चालण्याच्या गतीने सगळ्या आवारावर फिरवला, प्रत्येक जागेवरून चार-पाच वेळा. रस्त्यावर हे काम वाहतूक करते. वाहनतळाच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षं चाक जात नाही आणि तिथला थर सैल राहतो. लोखंडी रोलर नको, तो उंचवट्यांवरचा थर चिरडतो. अठ्ठेचाळीस तासांनी मोटारी सोडल्या, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टँकर एका आठवड्याने. पहिले काही दिवस उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागेवर फिरवलं तर अर्धगोल ओरखडा पडतो, म्हणून फाटकावर तशी पाटी लावली. गाड्यांचे पट्टे अडीच बाय पाच मीटरचे, आठवड्याने, वॉटर-बेस्ड रोड मार्किंग रंगाने मारले. थिनरचा रंग डांबर वर ओढतो आणि पांढरा पट्टा तपकिरी होतो.

पहिल्या पंधरवड्यात खराट्याने थोडा सुटा कच निघतो, तो निघू द्यावा. मूठमूठ निघत राहिला तर इमल्शन कमी पडलंय किंवा दव पडायच्या आत थर फुटलेला नाही. तेवढ्या जागेवर पातळ एसएस-१ फवारून ती सावरता येते. पापुद्रा सुटत असेल तर फवारून उपयोग नाही, खरवडून, धुऊन तो चौकोन पुन्हा करावा लागतो. इथे हिरवळीच्या कोपऱ्यात दीड मीटरचा एक तुकडा सुटला. फवाऱ्याचं पाणी रात्री तिथे आलं होतं.

कडेच्या भेगांवर आम्ही दोन्ही बाजूंना दर पाच मीटरला खिळे ठोकून ठेवलेत, भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन खिळ्यांमधलं अंतर ऑक्टोबरमध्ये मोजून कार्यालयाच्या वहीत लिहिलं आहे. फेब्रुवारीअखेर ते पुन्हा मोजायचं, आणि जिथे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उघडलं असेल तिथे मार्चमध्ये कॉम्प्रेसर आणि सीलंटचं भांडं घेऊन यायचं.